टीना ब्लाऊ कुणाची सावली नव्हती

ऑस्ट्रियन निसर्गचित्रकार टीना ब्लाऊवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, आधी जरा अभ्यास करा. ती चित्रकार शिंडलरची सावली होती. बाई म्हणून आता तिला वर काढलंय." मतभेदाचं मला वावडं नाही. पण हा सूर कशासाठी? लेख एखाद्या पुरुषाचा असता तर 'दादा, अभ्यास करा' असं लिहिलं असतंत?

लेख लांबला, हे मान्य. जर्मन उच्चार, तिची फुलांची चित्रं वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे राहू देत. 'सावली' मात्र मी सोडणार नाही.

एमिल याकोब शिंडलरबरोबर तिने काम केलं, व्हिएन्नातल्या प्राटर बागेत दोघांचा एकत्र स्टुडिओ होता, १८७५ मध्ये दोघं हॉलंडला गेले. हे सगळं लेखात आहेच. पण व्हिएन्नाच्या कला अकादमीने मुलींना प्रवेश दिला १९२० साली, म्हणजे टीना गेल्यावर चार वर्षांनी. मग तिने शिकायचं कुठे? चित्रकारांकडेच ना! दार बंद ठेवायचं आणि वर विचारायचं, तू कुणाची शिष्या?

मी स्वतः कोल्हापुरात चित्रकला शिकले. पंचगंगेच्या घाटावर उन्हातान्हात बसून लँडस्केप केलेत. वर्गाच्या प्रदर्शनात एक पाहुणे माझ्या चित्रापुढे थांबून म्हणाले, "सरांचा हात फिरलेला दिसतोय." सरांनी त्याला ब्रशही लावला नव्हता. त्याच सरांकडे शिकणाऱ्या मुलांच्या चित्रांपुढे मात्र हे कुणी बोललं नाही. तुमचं वाक्य मला ओळखीचं आहे, साहेब.

तिचं १८८२ चं 'प्राटरमधला वसंत' हे चित्र व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर संग्रहालयात आहे, जवळजवळ तीन मीटर रुंद. मोकळं आभाळ, कोवळी पालवी, कुरणात फिरायला आलेली माणसं, आणि सगळीकडे लख्ख उजेड. व्हिएन्नातल्या प्रदर्शनाच्या परीक्षकांना ते इतकं उजळ वाटलं की ते नाकारायला निघाले होते. तेव्हाचा नावाजलेला चित्रकार हान्स माकार्टने आग्रह धरला म्हणून ते भिंतीवर लागलं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या सलों या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याची सन्मानपूर्वक नोंद झाली. शिंडलरची धूसर, ओलसर चित्रं याच्या शेजारी ठेवून पाहा आणि मग मला सावली दाखवा. रंगांचं सामान बाबागाडीत भरून ती बागेत ढकलत न्यायची आणि उघड्यावर उभी राहून रंगवायची. तो उजेड तिने स्वतः पाहिलेला आहे.

बेल्व्हेडेअरने तिचं प्रदर्शन भरवलं २०१६ च्या डिसेंबरात, मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर. यालाच तुम्ही 'वर काढलंय' म्हणता?

पुन्हा जरूर लिहा, पण चित्रं बघून लिहा. 'ताई, अभ्यास करा' एवढंच सांगायचं असेल तर तसदी घेऊ नका.