मशीनचा काय दोष?

मावशीला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा दोन मुली होत्या. १९९७ साल. सासरच्यांनी तिला शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर सासूबाईंना एवढंच म्हणाले, "बर्फी आहे." आठवड्याभरात सगळं उरकलं. मी इंजिनीअरिंगला लागले तेव्हा मावशीने हे मला पहिल्यांदा सांगितलं आणि विचारलं, "ज्यानं ते मशीन शोधलं, त्याला हे कधी कळलं असेल का गं?"

आज मी वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करते. पोटातलं चित्र आणखी स्वच्छ दिसावं, हेच माझं काम. मावशीचा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

ते यंत्र प्रामुख्याने ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञामुळे दवाखान्यात आलं. १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. धातूतली भेग ध्वनिलहरींनी शोधतात, मग शरीरातली गाठ का नाही दिसणार? टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनीअर त्यांना येऊन मिळाला. त्यांच्या यंत्राने एका बाईचा जीव वाचला. तिला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असं ठरलं होतं, यंत्रात दिसली ती बीजाशयाची साधी गाठ. १९५८ मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डोनाल्ड यांचा गर्भपाताला कडवा विरोध होता, आणि त्यांना स्वतःला चार मुली होत्या. मावशीच्या बाळाचं पाप या माणसाच्या माथी मी मारणार नाही.

पण इथेच थांबून "वापरणाऱ्याचा दोष" म्हणणारे माझे सहकारी मला पटत नाहीत. डोनाल्डना १९५८ मध्ये ठाऊक नव्हतं. पुढच्यांना ठाऊक होतं. मुंबईत ऐंशीच्या दशकात कार्यकर्त्या गर्भलिंगनिदानाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. म्हणजे मावशीला त्या टेबलावर झोपवलं तेव्हा आपल्या राज्याने कायदा केल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि तरीही यंत्रं विकली जातच होती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७.

कायदा राबवला जात नाही म्हणून सेहत, मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकायला बंदी आली आणि कोणाला यंत्र विकलं याची यादी कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी द्यायची असं ठरलं. यंत्र कोणाच्या हातात जातंय हे बनवणाऱ्याला आधीपासून माहीत होतं. त्याच्याकडे पावती होती! तरी ते सांगायला कायद्याने भाग पाडावं लागलं, हे मला फार लागतं.

गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरावा लागणाऱ्या एफ फॉर्ममधल्या कारकुनी चुकीपायी प्रामाणिक रेडिओलॉजिस्टही भरडले जातात, हे मी जवळून पाहिलंय. आडगावातल्या बाळंतिणीला यंत्र मिळालंच पाहिजे, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच मला वाटतं, जबाबदारीचा थोडा भार यंत्रातच घालावा: तपासणीची पुसता न येणारी नोंद, नोंदणी क्रमांकाशिवाय चालू न होणारी प्रणाली. हे अवघड नाही. मी स्वतः लिहू शकते.

मागच्या महिन्यात मोबाइलला जोडायच्या छोट्या सोनोग्राफी प्रोबवरच्या बैठकीत मी हे मांडलं. "तो सेल्सचा प्रश्न आहे," असं उत्तर मिळालं. त्याच संध्याकाळी मी तीच मागणी ईमेलवर लेखी पाठवली, मावशीची हकीकत तिचं नाव न घेता लिहून. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.