पायांतले बळ आणि विरळ हवा

‘पन्हाळा–पावनखिंड पायी केलेल्या कोल्हापूरकराला वाटाड्यासोबत उंब्वे मार्गाने पाच दिवसांत किलिमांजारो जड नाही’, हे लेखातील विधान पटले नाही. चिखल तुडवून पायांत बळ येते, हे खरे. परंतु साडेपाचशे मीटर उंचीवर राहणाऱ्या शरीराला विरळ हवेची सवय त्यातून होत नाही, आणि आफ्रिकेतील या सर्वांत उंच पर्वतावरचा हा खडा उंब्वे मार्ग तर दुसऱ्याच दिवशी सुमारे ३,९०० मीटरवरील बरांको तळावर नेऊन सोडतो.

मी याच मार्गाने गेलो, पण सात दिवस घेऊन. वाटाड्या रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत टिपून घेई आणि चढावर ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे बजावत राही. जोतिबाचा डोंगर धावत चढणारा आमचा सोबती बरांकोला डोके धरून बसला. त्या रात्री तो ताटाला शिवलासुद्धा नाही.