सर्व्हिस चार्जला अमेरिकेचा दाखला नको

पुण्या-मुंबईत हॉटेलच्या बिलात आपोआप लावलेल्या सर्व्हिस चार्जवरून वाद पेटला की हॉटेलवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा हमखास येतो: अमेरिकेत लोक वीस टक्के टिप बिनबोभाट देतात, मग आपल्याकडे दहा टक्क्यांवरून एवढा गहजब कशाला? आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो, एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडवर आणि आसपास नेहमी बाहेर जेवतो. आम्हाला हा दाखला मुळातच चुकीचा वाटतो. इथली टिप ज्या कायद्यावर उभी आहे तो कायदा महाराष्ट्रात नाही, आणि नाही तेच बरं.

आधी तो कायदा पाहू. टिप मिळणाऱ्या कामगाराला इथे मालकाने स्वतःच्या खिशातून पूर्ण किमान वेतन द्यावं लागत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मालकाचा वाटा तासाला 2.13 डॉलर आहे आणि 1991 पासून तो तसूभरही हललेला नाही. न्यू जर्सीने तो वाढवला, तरी 2025 मध्ये राज्याचं किमान वेतन तासाला 15.49 डॉलर असताना मालकाने द्यायचे होते फक्त 5.62. उरलेले 9.87 टिपेतून यायचे. तेवढी टिप जमली नाही तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा सांगतो. पण तो हिशेब मागायला वेटरने मालकापुढे उभं राहायला हवं. म्हणजे इथलं गिऱ्हाईक खूश होऊन बक्षिसी देत नसतं, पगाराचा राहिलेला भाग भरत असतं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन धरून सात राज्यांत मालकांना ही सवलत नाही, तिथे पूर्ण वेतन द्यावंच लागतं. तरी टिपेची सवय तिथूनही गेलेली नाही. एकदा रुजली की ती निघत नाही, हे आपल्याकडच्या लोकांनी नीट लक्षात घ्यावं.

दोघांच्या साध्या जेवणाचं बिल इथे कसं फुगतं ते बघा. मेन्यूच्या भावाने 60 डॉलर. त्यावर 6.625 टक्के विक्रीकर, म्हणजे 3.98. झाले 63.98. टिप 18 टक्के, ती कराआधीच्या रकमेवर काढायची: 10.80. एकूण 74.78, म्हणजे मेन्यूवर वाचलं त्याच्या जवळजवळ सव्वापट. टेबलावर आणतात त्या मशीनवरची 18, 20, 25 टक्क्यांची बटणं बऱ्याचदा करासकट रकमेवर हिशेब करतात. 18 चं बटण दाबलं की 10.80 च्या जागी 11.52 जातात. कागदी स्लिप असेल तर टिपेची आणि एकूण रकमेची, दोन्ही ओळी स्वतः भराव्यात. टिप रोख ठेवली असेल तर टिपेच्या ओळीवर आडवी रेघ मारावी, ओळ कोरी सोडू नये. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी 63.98 दिसतात आणि एक-दोन दिवसांनी त्याचे 74.78 होतात, कारण टिपेचा आकडा स्लिपवरून मागाहून चढवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण स्लिपची प्रत तोवर जपून ठेवावी.

खरी फसगत होते ती मोठ्या टेबलावर. सहा किंवा जास्त माणसं असली की बऱ्याच ठिकाणी 18 टक्के ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे सक्तीची टिप, आपोआप लागते. ती बिलात वर छापलेली असते आणि खाली टिपेची रिकामी ओळ तशीच असते. भारतातून आलेले आई-बाबा, मुलं, मित्र असा गोतावळा घेऊन गेलेला माणूस गप्पांच्या नादात दोनदा टिप देऊन मोकळा होतो.

ही आपोआप लागणारी रक्कम अमेरिकेचं आयकर खातंही टिप मानत नाही. 2014 पासून ती कामगाराच्या पगारात धरली जाते. 2025 मध्ये टिपेवर आयकराची जी सवलत आली, तीसुद्धा गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेल्या टिपेलाच आहे. एका बाबतीत तर इथे सर्व्हिस चार्जला थेट बंदीच आहे: न्यू जर्सीत दारूचे परवाने लोकसंख्येच्या प्रमाणात मोजकेच मिळतात, म्हणून विनापरवाना हॉटेलात आपली वाइन किंवा बीअर नेता येते. त्याबद्दल अशा हॉटेलाने कसलाही सर्व्हिस चार्ज लावायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर हा द्या.

आता घरचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि 28 मार्च 2025 च्या निकालात प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. हॉटेल संघटनांनी त्यावर अपील केलं. आमच्या मते निकाल योग्य आहे, कारण आपल्या किमान वेतनाच्या कायद्यात टिप वजा करायची सोयच नाही. वेटरचा पूर्ण पगार ही मालकाचीच जबाबदारी आहे. 1,200 रुपयांच्या जेवणावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 120, मग 1,320 वर 5 टक्के जीएसटी 66, एकूण 1,386. सर्व्हिस चार्ज नसता तर 1,260. म्हणजे जादा गेले 126, त्यातले 6 रुपये सर्व्हिस चार्जवरचा कर. म्हणून तो काढायला लावताना नुसते 120 खोडून घेऊ नका, बिल नव्याने काढायला सांगा. वेटरशी हुज्जत घालू नका, काउंटरवर मॅनेजरशी बोला. नाहीच ऐकलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण सर्व्हिस चार्ज काढला म्हणून वेटरला काहीच न देता उठणं आम्हाला पटत नाही. आपल्याकडे एक नवी अडचण आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी सुट्टे पैसे बडीशेपेच्या वाटीशेजारी राहायचे. आता क्यूआर स्कॅन केला की सगळी रक्कम थेट मालकाच्या खात्यात जाते, टिपेची वेगळी ओळच नाही. ‘वीस रुपये जास्त टाकलेत, तुम्ही घ्या’ असं वेटरला सांगून काही होत नाही, ते गल्ल्यातच राहतात. खिशात दहा, वीस, पन्नासच्या नोटा ठेवा आणि हातात द्या.

मालकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे: टिप टेबलाशी येणाऱ्याला मिळते, तव्यापुढच्या आणि मोरीवरच्या माणसाला नाही. अमेरिकेतही मालक टिपेच्या जोरावर कमी वेतन द्यायची सवलत घेत असेल तर टिपेत आचाऱ्याला वाटा देता येत नाही. पण यावर उपाय बिलाच्या तळाशी टक्के चढवणं नव्हे. फ्रान्समध्ये मेन्यूवरच्या भावातच कर आणि सेवा दोन्ही धरलेली असते. आपल्याकडेही भाव किती ठेवायचा याची मालकाला मोकळीक आहे. त्याने 1,200 चे 1,320 करावेत आणि तसे छापावेत. बिल तेच 1,386 येईल, आचाऱ्याचा पगारही वाढवता येईल. शेजारच्या हॉटेलापेक्षा आपला डोसा महाग दिसेल ही भीती मालकाची आहे, तिचा भार गिऱ्हाइकाने का उचलावा?