दाराजवळची जागा

संध्याकाळपासून डोकं ठणकतंय, म्हणून इथे लिहून टाकते. भाचीच्या आर्किटेक्चर कॉलेजात आज थेसिसची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर शेवटच्या वर्षाचं काम मांडणं, होती. विषय स्थलांतर आणि जुन्या वस्त्यांचं पुनरुज्जीवन. बहुतेकांनी आमचं गिरणगावच घेतलं होतं. शीटमागून शीट तेच: चिमणीभोवती बाग, काचेचं कलादालन, कॉफी पिणारी माणसं. लालबाग-परळचा माणूस एकाही चित्रात नाही! पोरांनी रात्री जागवल्या होत्या, ते दिसत होतं. तरी राग आला.

मग एक मुलगी उभी राहिली. तिने धारावीतला जरीकामाचा एक गाळा इंच-इंच मोजला होता. पोरं दिवसा तिथे काम करतात, रात्री तिथेच पथारी पसरतात. एका सेक्शनमध्ये, म्हणजे गाळा उभा कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रात, दुपार, दुसऱ्यात मध्यरात्र. कुणाची पिशवी कुठल्या खिळ्याला, पंख्याखाली कोण, दाराशी कोण, सगळं काढलेलं. त्यावरून तिने खाली कारखाना, वर महिन्याच्या भाड्याने झोपायची जागा आणि सामायिक स्वयंपाकघर असं घर रचलं होतं.

ज्युरीतले एक सर म्हणाले, ‘‘हे समाजशास्त्र झालं. यात डिझाइन कुठाय?’’

दाराशी झोपलेला तो मुलगा म्हणजे माझे आप्पाच हो! १९६४ साली देवरुखकडून आले ते थेट गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून ठेवलेल्या, खोलीत. दहा बाय बाराची खोली, वीस-बावीस चाकरमानी. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या म्हणून मावायचे. नव्याला दाराजवळची जागा, रातपाळीचा माणूस त्याला ओलांडूनच आत यायचा. कुणी कायमचा गावी परतला की सगळ्यांच्या वळकट्या एकेक जागा आत सरकायच्या. आप्पांना खिडकीपर्यंत पोचायला सहा वर्षं लागली. जेवण शेजारच्या चाळीतल्या खानावळवाल्या मावशीकडे, पैसे पगार झाल्यावर. खिशात दमडी नसलेल्या पोराला मुंबईत उभं राहता आलं ते त्या दारातल्या दोन हात जागेमुळे. आणि हे डिझाइन नाही?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि सर्वसामान्यांच्या घरांना होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि तो वाटा फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. बाकी जमिनीवर काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरून मान वर करून बघा. थेसिस करणाऱ्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवायला नको?

हो, त्या खोल्यांचं मला कौतुक सांगू नका, नळावरची आणि संडासाची रांग मीही लावली आहे. पुनर्विकासात बीडीडी या जुन्या सरकारी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात जाणाऱ्यांचा आनंद खराच आहे, त्यांच्या तीन पिढ्यांनी वाट बघितली. पण कागदपत्रं असलेल्याला घर मिळालं. आज रात्री दादरला गाडीतून उतरणाऱ्याने कुठे झोपायचं? त्याची जागा एकाही योजनेत नसते.

आणि आपल्या माणसांनाही सांगते. ‘हे बाहेरचे लोक’ असं मीही बोलले आहे, याच तोंडाने. आज त्या सेक्शनमध्ये दाराजवळची वळकटी बघितली आणि घशात आवंढा आला. तो पोरगा बिहारचा असेल, नाहीतर बंगालचा. आप्पा देवरुखचे होते, एवढाच काय तो फरक.

ती मुलगी जिन्यात एकटी बसली होती. काय बोलावं सुचेना, नुसता खांद्यावर हात ठेवला. घरी येऊन माळ्यावरून आप्पांची ट्रंक काढली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव, अजून वाचता येतंय. टेपने मोजली: अडीच फूट बाय दीड फूट. भाचीला निरोप दिलाय, मैत्रिणीला रविवारी जेवायला घेऊन ये. खोलीत कोण कुठे झोपायचं ते आप्पांनी मला इतक्यांदा सांगितलंय की खिडकीपासून दारापर्यंत एकेकाची जागा मी तिला काढून देईन.