हळू चालवून काय कळतं? बॉक्स्टरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही सविस्तर लिहिलंत, मुद्देसूद लिहिलंत आणि शेवटी 'राग नसावा' असंही म्हणालात. राग मुळीच नाही. पण दोन ओळींत आटपण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून उत्तर वेगळं आणि जरा ऐसपैस देतोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरची, म्हणजे १९९६ साली आलेल्या २.५ लिटरच्या गाडीची, टेस्ट ड्राइव्ह घेऊन मी लिहिलं होतं की इंजिन मध्ये, म्हणजे सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे असल्याचा फरक पहिल्या काही वळणांतच जाणवतो. तुमचं म्हणणं असं की साध्या रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून, शेजारी मालक बसलेला असताना हा फरक कळूच शकत नाही. मला जे जाणवलं तो मनाचा खेळ. गाडी घसरेपर्यंत नेली नाही, तर तिच्या समतोलाबद्दल बोलू नये. 'मिड-इंजिन' हा माहितीपत्रकातला शब्द. पुढे इंजिन असलेली माझदाची एमएक्स-५ तेच सुख देते. शिवाय असल्या गाड्या अचानक फिरतात, हे मी लपवलं. आणि बिनछताची गाडी मुळातच लेचीपेची, तेव्हा वळणांचं एवढं कौतुक असेल तर केमन, म्हणजे बॉक्स्टरचीच पक्क्या छताची बहीण, बघावी.

आधी मनाच्या खेळाबद्दल.

गाडी वळते तेव्हा ती पुढे तर जातेच, पण स्वतःभोवती फिरतेही. या फिरण्याला किती विरोध होणार हे वजनावर ठरतं, तसंच ते वजन गुरुत्वमध्यापासून किती लांब आहे यावरही ठरतं. त्यातही अंतराचा वर्ग होतो, आणि सगळी गंमत तिथे आहे. समजा, १५० किलोचं इंजिन मध्यापासून सव्वा मीटर पुढे आहे. त्याचा हिशेब झाला १५० गुणिले १.२५ चा वर्ग, म्हणजे २३४ च्या आसपास. तेच इंजिन मध्यापासून अर्ध्या मीटरवर आणलं, तर उत्तर येतं साडेसदतीस. वजन तेच, विरोध सहापट कमी. हा हिशेब एकट्या इंजिनाचा आहे. बाकीची गाडी जिथल्या तिथेच असते, त्यामुळे अख्ख्या गाडीत फरक बराच सौम्य होतो. पण उरतो तो पुरेसा असतो. भरलेल्या दोन बादल्या हात लांब करून धरा आणि गिरकी घ्या, मग त्याच अंगाशी धरून घ्या. गिरकी सुरू करणं आणि थांबवणं, दोन्हींतला फरक खांद्यांना लगेच कळेल.

आता यात टायर घसरण्याचा संबंध कुठे आला? हा विरोध स्टेअरिंग पहिल्या दोन अंशांनी हललं तेव्हापासूनच असतो, टायरची पकड सुटल्यावर उगवत नाही. म्हणून मी मोकळ्या सरळ रस्त्यावर, मध्यम वेगात, स्टेअरिंग हलकेच डावीकडे आणि लगेच उजवीकडे दिलं. पुढे जड असलेल्या गाडीत हे केलं की आधी नाक वळतं, मागचा भाग अंमळ उशिरा येतो, आणि दिशा बदलताना तो उशीर दुप्पट वाटतो. बॉक्स्टरमध्ये दोन्ही टोकं जवळजवळ एकदम हलली. यात शौर्य काही नाही. हे बघायला कान आणि कंबर जागी असली की पुरे.

कानांबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. सहा सिलिंडरांचं सपाट इंजिन पाठीमागे गुरगुरत असताना मेंदू आधीच ठरवून बसतो की वजन मागे आहे, आणि मग तेच 'जाणवू' लागतं. म्हणूनच एका रुंद, ओळखीच्या वळणावर मी क्लच दाबून, इंजिन नुसतं मंद चालू ठेवून, गाडी तिच्या वेगावर वाहू दिली. आवाज जवळपास गेला, इंजिनाची ओढ गेली, उरली फक्त गाडीची हालचाल. फरक तेव्हाही होता. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, पण निव्वळ मनाचा खेळ असता तर तो आवाजाबरोबर ओसरायला हवा होता.

दुसरी जागा ब्रेकची, आणि माझ्या मते मिड-इंजिनचं खरं सुख तिथे आहे. लोक वळणांचं बोलतात. ब्रेकचं कोणी बोलत नाही. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर सरकतं. किती, ते वेग किती झपाट्याने घटतो, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन्ही आसांमधलं (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं) अंतर यांवर ठरतं. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि आसांमधलं अंतर २.४ मीटर धरा (बॉक्स्टरचं २.४१५ आहे). ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ-दशांश इतका जोराचा ब्रेक लावला, तर एकूण वजनाच्या सुमारे १९ टक्के भार पुढे जातो. पुढे ६० आणि मागे ४० टक्के वजन असलेल्या गाडीत मग पुढे ७९ आणि मागे २१ उरतात; मागची चाकं जवळपास नावापुरतीच. पुढे ४५ आणि मागे ५५ असेल तर ब्रेक लावल्यावर होतात ६४ आणि ३६. म्हणजे चारही टायर कामाला लागतात आणि मागचा भाग जमिनीला धरून राहतो. हे मी जोरात ब्रेक दाबून पाहिलं नाही, तशी गरजही नव्हती. चौकाकडे येताना नेहमीसारखा ब्रेक लावला तरी गाडी नाक खाली न घालता अख्खीच्या अख्खी खाली बसल्यासारखी होते.

एमएक्स-५ चं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण ते माझ्याच बाजूने साक्ष देतं. १९८९ पासूनच्या या गाडीचं इंजिन पुढच्या आसाच्या मागे ढकललेलं आहे आणि वजन जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं आहे. जड वस्तू मध्याकडे आणा, हाच तो विचार. फक्त चालक इंजिनाच्या मागे बसतो. मग सुख एकच का? नाही. एमएक्स-५ मध्ये तुम्ही मागच्या चाकांच्या अगदी जवळ बसता, त्यामुळे मागचा भाग सरकू लागला की कंबरेला आधी कळतं. बॉक्स्टरमध्ये तुम्ही त्याहून पुढे असता आणि गाडी तुमच्याभोवती फिरते. मागची बातमी थोडी दबून येते, पुढची स्वच्छ येते. मला दुसरी चव आवडली, तुम्हाला पहिली आवडते. यावर भांडण्यात अर्थ नाही.

माहितीपत्रकातल्या शब्दाबद्दल एकच सांगतो. १९५८ साली अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या छोट्या कूपर गाडीतून फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी जॅक ब्रॅबहॅम कूपरमधूनच जगज्जेता झाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतींत पुढे इंजिन असलेल्या गाडीचा शेवटचा विजय १९६० चा, इटलीत मॉन्झाला, फिल हिलच्या फेरारीचा. इतक्या कमी वेळात झाडून सगळे एका बाजूला जातात, तेव्हा तिथे स्टॉपवॉच बोलत असतं.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा: अचानक फिरणं. मी तो लपवला नव्हता, एका वाक्यात सांगितला होता. पण तुम्हाला तेवढं पुरेसं वाटलं नसेल तर इथे नीट सांगतो, कारण पहिल्यांदा अशी गाडी चालवणाऱ्याने हे वाचून जायलाच हवं.

वेगात वळणात शिरलात, मध्येच वाटलं की जरा जास्तच झालं, आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात. त्या क्षणी दोन गोष्टी एकदम होतात. भार पुढे सरकतो, म्हणजे मागच्या टायरवरचा दाब कमी होतो. आणि इंजिन आता चाकांना रोखू लागतं, ती रोखही मागच्याच टायरवर येते. म्हणजे पकड घटली आणि मागणी वाढली. मागची बाजू सुटते. इथवर मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत असंच होऊ शकतं. पण वर सांगितलेला फिरण्याचा विरोध इथे कमी असतो, म्हणून सगळं भराभर घडतं, आणि उलटं स्टेअरिंग द्यायला मिळणारा अवधी तोकडा असतो. ज्या गुणाचं कौतुक मी वर केलं, तोच इथे अंगावर येतो. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिड-इंजिन एमआर२ ला, १९८९ च्या, यामुळेच वाईट नाव मिळालं. पुढे टोयोटाने तिचं सस्पेन्शन आणि टायर बदलले. पोर्शेने बॉक्स्टरला पुढे २०५ आणि मागे २२५ मिलिमीटरचे टायर दिले, लोटसने आपल्या पहिल्या एलिसला, तीही मिड-इंजिन आणि उघडी, १८५ आणि २०५ चे. मागचे रुंद टायर म्हणजे आधी नाकच बाहेर जावं, शेपूट नव्हे, अशी तजवीज. ती बऱ्यापैकी काम करते. पण ओला रस्ता आणि झटक्याने उचललेला पाय यांच्यापुढे ती हमखास टिकेलच असं नाही.

मग मी गाडी घसरवून का पाहिली नाही? अहो, ती माझी गाडी नव्हती, हे पुरे व्हावं. तरी तुम्हाला तांत्रिक कारणच हवं असेल तर तेही देतो. या २.५ लिटरच्या गाडीत घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. बॉक्स्टरला ती नंतर मिळाली. टायरचा इतिहास मला ठाऊक नव्हता. निघण्यापूर्वी मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहिले. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मागचे टायर पुढच्यांपेक्षा बरेच नवे निघाले. नक्षी चारहींवर भरपूर होती, पण रबर वयाने कडक होतं, नक्षी कितीही खोल दिसो. अशा जोडीवर गाडी पकडीच्या सीमेवर नेली असती, तर पुढची पकड आधी सुटली असती आणि मी इथे ऐटीत लिहिलं असतं की बॉक्स्टर नाक बाहेर टाकते. ते मत गाडीबद्दल नसतं, त्या टायरांबद्दल असतं. टेस्ट ड्राइव्हमध्ये सीमा शोधणाऱ्यांची बरीचशी मतं अशीच टायरांबद्दलची असतात, असं मला फार दिवस वाटत आलंय. सीमा टायर ठरवतात, आणि टायर बदलले की ती बदलते. स्टेअरिंगला मिळणारा पहिला प्रतिसाद, ब्रेक लावताना गाडीचं बसणं, वळणातून निघताना मागच्या चाकांनी जमीन धरणं, हे बहुतांशी वजनाच्या मांडणीतून येतं. टायर बिघडवू शकतात, पण मुळात देऊ शकत नाहीत.

लेचीपेची म्हणालात, त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कूपेचं (पक्क्या छताच्या दोन दारी गाडीचं) किंवा हॅचबॅकचं छत कापून केलेल्या गाड्यांना ते लागू पडतं. बॉक्स्टर सुरुवातीपासून उघडी गाडी म्हणूनच आखली गेली. कन्सेप्ट, म्हणजे दाखवण्यापुरती नमुना गाडी, १९९३ चा, आणि केमन आली २००५ मध्ये. म्हणजे इथे छत कापलेलं नाही, उघड्या गाडीवर मागाहून चढवलेलं आहे. केमन जास्त ताठ आहे, वादच नाही. एलिसचा तर प्रश्नच वेगळा: अॅल्युमिनियमचे पोकळ तुकडे चिकटवून केलेली चौकट, दाराखालचे कठडे इतके उंच की आत शिरताना कसरत होते, पण ताठपणा तिथूनच येतो, छताकडून काही मागायचं नसतं. रोडस्टरचा, म्हणजे अशा उघड्या गाडीचा, ताठपणा तपासायचा तर छत उघडा, रस्त्यावरच्या उंचवट्यावर गाडी तिरकी न्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल, आणि आतला आरसा बघा. आरसा थरथरला, दारं कुरकुरली तर समजा. मी चालवलेल्या गाडीत आरसा किंचित हलला, दारं गप्प होती. तिचं वय पाहता मला ते चालण्यासारखं वाटलं.

शेवटी तुम्ही विचारलंत की इंजिन दिसतच नाही, तर घेणाऱ्याने बघायचं काय. हा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि तो तुम्ही तळटीपेत घातलात! बॉक्स्टरच्या मागच्या डिकीतून फक्त तेल आणि कूलंट ओतायच्या जागा हाती लागतात. इंजिनाचं तोंड बघायला छत अर्धवट उचलून सीटमागची झाकणं काढावी लागतात, आणि टेस्ट ड्राइव्हला ते कोणी करू देत नाही. तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि खालून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे तेल झिरपतंय का, ते आधी. मग पुढे या. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि तिथे पालापाचोळा साठतो. टॉर्च मारून दोन्ही तोंडांतून आत बघा. नंतर छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. त्या तुंबल्या की पाणी थेट आत उतरतं, आणि या गाडीत चोरीविरोधी यंत्रणेचा कंट्रोल युनिट सीटखाली आहे. सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून ओल लागते का बघा. ओल लागली तर इंजिन कुठे आहे याची चर्चा नंतर करू, आधी मालकाला विचारा की गाडी पावसात उभी होती का.