उन्हाळ्याचा सदरा कोणी बेतायचा?

"घरी शिवलेला कपडा स्वस्त पडतो, हा समज आता सोडून द्यायला हवा," असे नाना म्हणाले, आणि त्या एका वाक्यावरून वर्ध्याच्या आर्वी नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर जी चर्चा सुरू झाली, ती टपरीवाल्याने शेगडी विझवेपर्यंत चालली. नानांचे आयुष्य बँकेतले हिशेब तपासण्यात गेले. त्यामुळे त्यांनी कापड, रीळ, बटणे, मशीनची किंमत आणि शिवणाऱ्याचे तास अशी सगळी बेरीज मांडली आणि तेवढ्याच पैशांत बाजारातून दोन तयार कुडते येतात, हे दाखवून दिले. त्यांची बेरीज चुकीची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. केवळ पैसे वाचावेत म्हणून जो कात्री हातात घेईल, त्याची पहिल्याच उन्हाळ्यात निराशा होईल. परंतु ज्या दोन वस्तूंची आपण तुलना करत आहोत त्या एकाच कामाच्या आहेत का, हे नानांनी तपासले नव्हते आणि माझ्या मते वादाचे खरे मूळ तिथेच होते.

तो प्रश्न ताईने विचारला. ती आमच्यात वयाने सर्वांत लहान आहे, महाविद्यालयात शिकवते आणि स्वतःचे कुडते स्वतः शिवते. सुती म्हणून विकत घेतलेल्या एका तयार कुडत्याच्या आतल्या शिवणीतून तिने चार धागे ओढून काढले होते आणि ते जाळून पाहिले होते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख चिमटीत धरली की विरून जाते. पॉलिएस्टर मात्र वितळते आणि गार झाल्यावर त्याची कडक गोळी उरते. तिच्या हाती दोन्ही आले. "कापूस नेहमीच्या हवेतही आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. मग घाम अंगावरून टिपून कोण घेणार, नाना?" असे तिने विचारले. दुकानातून तागा सोडवून घेताना आपण कापड हातात घेतो, उजेडासमोर धरतो, ते मलमल आहे, वायल आहे, केंब्रिक आहे की पोपलीन, हे ठरवूनच पैसे मोजतो. तयार कपडा घेताना आपण रंग आणि गळ्याचे भरतकाम पाहतो आणि कापडाची निवड दुसऱ्याने कधीच करून टाकलेली असते.

यावर नाना म्हणाले, की उन्हाळ्याला पांढरा आणि पातळ कपडा हवा एवढे तर सर्वांनाच ठाऊक आहे, त्यात बेतण्यासारखे काय आहे? इथे डॉक्टरांनी त्यांना थांबवले, आणि त्यांचे म्हणणे मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोलाचा भाग वाटला, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

डॉक्टर म्हणाले, की सगळीकडचा उन्हाळा एकसारखा नसतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेतच इतकी वाफ असते की घाम सुकत नाही. तिथे अंगाला वारा लागला पाहिजे, म्हणून कापड पातळ, बाह्या आखूड किंवा मुळीच नसलेल्या आणि गळा मोकळा असावा. वर्धा, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो, पण हवा कोरडी असते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून तापलेली असली, की उघड्या अंगाला लागणारा वारा थंडावा देण्याऐवजी उष्णताच देतो, शिवाय ऊन थेट अंगावर पडते. म्हणून इथे दुपारी बाहेर पडणाऱ्याने अंग झाकलेले बरे; मात्र ते झाकणारे कापड अंगाला चिकटलेले नसावे, त्याच्या आत हवा खेळती राहिली पाहिजे. आपल्याकडचा शेतकरी डोक्याला दुपट्टा गुंडाळूनच वावरात का जातो, हे यावरून कळते.

रंगाविषयीही त्यांनी एक गोष्ट सांगितली. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक काळे पायघोळ झगे का वापरतात, याचा अभ्यास १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरेच निघाले, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर निघून जाते आणि अंगाला लागणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच राहते, असे त्या संशोधकांना आढळले. याचा अर्थ सर्वांनी काळे कपडे घालावेत असा नाही; सैलपणाचे महत्त्व रंगाहून कमी नाही, एवढाच बोध त्यातून घ्यायचा. आणि तयार कपड्यांत आज नेमका हा सैलपणाच मिळत नाही. मोठे माप घ्यावे तर खांदे उतरतात आणि बाह्या लोंबतात, पण काखेत कपडा अडकायचा तो अडकतोच.

काखेचा विषय निघाल्यावर इतका वेळ गप्प बसलेले मास्तर बोलू लागले. त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ कपडे शिवले आहेत. त्यांच्या मते, आजच्या शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, गोलाईत कापतात तो रुबाबासाठी. उन्हाळ्यासाठी जुन्या सदऱ्याचा बेतच योग्य, कारण त्यात सगळे तुकडे सरळ असतात, बाही सरळ रेषेत जोडतात आणि काखेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवतात. त्या तुकड्यामुळे हात पूर्ण वर उचलला तरी सदरा कमरेपासून ओढला जात नाही आणि जिथे घाम सर्वांत जास्त येतो तिथे शिवण ताणली जात नाही.

मग त्यांनी वर्तमानपत्राचा कागद पसरून छाती ३८ इंच असलेल्या माणसाचा सदरा बेतून दाखवला. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंच धरला. सव्वादोन मीटर कापड आणले, ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवले आणि शेकडा पाच या हिशेबाने आटले, तरी लांबी ८४ इंच उरते. या लांबीतून २४ इंच रुंदीचा एक सलग पट्टा काढायचा आणि तो मध्ये दुमडायचा. खांद्यावर जोड येत नाही, पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ४२ इंच मिळतो. शिवणीसाठी कडेला सोडलेली माया जाऊन घेर ४६ इंच राहतो, म्हणजे छातीपेक्षा ८ इंच मोकळा. बाजूला १२ इंच रुंदीची जी पट्टी उरली, तिच्यातून १८ इंचांचे चार तुकडे काढायचे आणि १२ इंचांची बाजू बाहीच्या लांबीत आणि १८ इंचांची घेरात धरून, दोन-दोन जोडून कोपरापाशी एक जोड असलेल्या पूर्ण बाह्या करायच्या. शेवटी १२ इंचांचा जो चौकोन उरतो, त्यात काखेचे दोन तुकडे आणि एक खिसा बसतो. "यात चिंधी किती उरली ते मला दाखवा," असे मास्तर म्हणाले, आणि खरोखरच दाखवण्यासारखे काही नव्हते. नानासुद्धा कागदावर वाकून पाहत होते. हिशेबाच्या माणसाला असा बेत पटावा हे स्वाभाविकच होते.

गळ्याबद्दल मास्तरांचे मत अधिकच ठाम होते. तयार शर्टाच्या कॉलरमध्ये आणि बटणपट्टीत बकरम किंवा चिकटवलेले कडक अस्तर असते, त्यामुळे मानेभोवती कापडाचे अनेक थर येतात, घाम तिथेच मुरतो आणि मानेला पुरळ येते. उन्हाळ्याच्या सदऱ्याला कॉलर नकोच. गळ्याला त्याच कापडाची उरेब पट्टी लावावी. कापडाच्या उभ्या आणि आडव्या धाग्यांना तिरकी, म्हणजे ४५ अंशांत कापलेली पट्टी ताणली जाते आणि गोलाईत सुरकुती न पडता बसते. नवशिक्यांची खरी परीक्षा इथे असते. सरळ टीप कोणालाही आठवडाभरात साधते, परंतु उरेब पट्टी न ओढता, न फुगू देता लावायला हात बसावा लागतो.

एवढे झाल्यावर काकू बोलल्या आणि चर्चेचा रोख बदलला. त्या म्हणाल्या, "सैल सदरा चांगला, हे मला मान्य आहे. पण तो शिवायचा कोणी, हे तुमच्यापैकी एकानेही सांगितले नाही." त्यांच्या लग्नात माहेरून शिवणयंत्र आले होते. मुलांची झबली, परकर, सासऱ्यांच्या बंड्या, उशांचे अभ्रे, सगळे त्यांनी दुपारच्या वेळी शिवले, म्हणजे ज्या वेळी घरातले बाकीचे लोक आडवे होत असत त्या वेळी. त्या कामाची मजुरी कोणी मोजली नाही आणि घरच्या खर्चात किती बचत झाली याची वाखाणणी मात्र सर्वांनी केली. "घरी शिवणे चांगले, असे पुरुष म्हणू लागले की मला भीती वाटते, कारण घरी म्हणजे कोणी, ते न बोलताच ठरलेले असते," असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

काही क्षण कोणी उत्तर दिले नाही. मग गुरुजींनी गांधीजींच्या एका संवादाची आठवण काढली. १९२४ मध्ये शांतिनिकेतनातील विद्यार्थी जी. रामचंद्रन यांनी यंत्रांविषयी विचारले असता गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. आजवर ज्या थोड्या उपयुक्त वस्तूंचा शोध लागला त्यांपैकी ते एक आहे आणि पत्नीचे कष्ट पाहून तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते घडवले, असे ते म्हणाले होते. ताईने लगेच जोड दिली, की दुहेरी धाग्याच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट एलियास हाव याने १८४६ मध्येच घेतले होते आणि सिंगरचे सुधारित यंत्र १८५१ चे आहे, तेव्हा ती प्रेमकथा इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. पण काकूंचा आक्षेप याहून मूलभूत होता. कष्ट हलके करणारे यंत्र घरात आले तरी ते फक्त बाईच्याच पुढ्यात ठेवले गेले, तर तिचे कष्ट हलके होत नाहीत. शिवायच्या कपड्यांची संख्या तेवढी वाढते.

मला काकूंचे म्हणणे पूर्णपणे पटले आणि मी ते तिथेच बोललो. घरी शिवण्याच्या बाजूचा मी आहे, पण ज्याने कपडा घालायचा त्यानेच तो बेतायचा आणि शिवायचा, ही अट त्याला जोडलेली असली पाहिजे. गुरुजींनी याला इथल्याच मातीतला आधार दिला: ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे असा ठराव केला होता, आणि त्यात हाताने काम करणे हे कोणा एका वर्गाचे किंवा केवळ मुलींचे मानलेले नव्हते. वर्ध्याच्या आसपासच्या शेतांत कापूस पिकतो आणि त्याच गावातल्या साठीच्या पुरुषाला स्वतःच्या छातीचे माप ठाऊक नसते, ही गोष्ट मला तरी खेदाची वाटते.

नानांनी शेवटचा आक्षेप मास्तरांच्या बाजूने घेतला. सगळेच घरी शिवू लागले तर शिंप्याने काय करायचे? मास्तर म्हणाले, की त्यांचे गिऱ्हाईक घरच्या मशीनने नव्हे, तयार कपड्यांनी नेले. उलट ज्याने स्वतः एकदा गळा लावून पाहिला आहे, तोच चांगल्या शिलाईची किंमत ओळखतो, काज करायला आणि अवघड बेत विचारायला शिंप्याकडे येतो आणि घासाघीस करत नाही. नानांना हे कितपत पटले ते सांगता येणार नाही; पैशांचा आपला मुद्दा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही, आणि तो सोडण्याचे कारणही नव्हते.

सुरुवात कशाने करावी यावर मात्र फारसा वाद झाला नाही. नवे कापड कापण्याआधी जुन्या सुती साडीवर किंवा धोतरावर हात बसवावा. साडीचा मधला भाग वापरून विरलेला असतो, म्हणून काठाकडचे घट्ट कापड घ्यावे. मलमल आणि वायलसाठी मशीनला ११ नंबरची सुई लावावी, पोपलीनला १४ नंबरची चालते. पातळ कापडावर जाड सुई चालवली की टिपेच्या बाजूने भोके दिसतात आणि धागे ओढले जातात. पातळ कापडाच्या कडा उसवतात, म्हणून आधी सुलट बाजूने बारीक टीप मारून, उलटवून पुन्हा टीप मारावी, म्हणजे कडा शिवणीच्या आत बंद होतात आणि अंगाला टोचत नाहीत. या शेवटच्या गोष्टीवर मास्तरांनी फार भर दिला, कारण घामेजलेल्या अंगाला खरखरीत शिवण सर्वांत आधी जाणवते.

डॉक्टर, गुरुजी आणि मी पाडव्याच्या आत कापड आणून भिजवायचे आणि रविवारी सकाळी मास्तरांच्या ओसरीवर बेतायला बसायचे, असे ठरले. काकूंनी त्यांचे मशीन द्यायचे कबूल केले. बॉबिन भरण्यापासून सर्व काही आम्हीच करायचे आणि त्या फक्त पाहणार. नाना येतो म्हणाले नाहीत, पण उठण्यापूर्वी त्यांनी मास्तरांकडून आपल्या छातीचे माप घेऊन ते त्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात लिहून घेतले: ४२ इंच. त्या मापाला २४ इंचांचा पट्टा पुरत नाही; मास्तरांनी ४४ इंच पन्ह्याचे कापड घ्यायला सांगितले आहे.