उपरोक्त विषयान्वये पाऊस

गेल्या वर्षी, वयाची 58 पूर्ण झाली म्हणून, तहसील कचेरीतून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि एक शाईचं पेन मिळालं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "भाऊसाहेबांचा हात लिहिता आहे, आता त्यांनी मनातलं लिहावं." अशा समारंभांतली भाषणं वर्षानुवर्षं मीच लिहून देत आलो, त्यामुळे त्यातलं किती मनावर घ्यायचं हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण भाषण आपल्यावर असलं की माणूस भाबडा होतो.

दोनशे पानी वही आणली. टेबल खिडकीपाशी ओढलं. विषय शोधायला नको होता; आमच्या पाटण खोऱ्यात जून लागला की पाऊस सोडून दुसरा विषयच नसतो. बाहेर कौलांवरून धारा, समोर डोंगर ढगात बुडालेला, हातात आल्याचा चहा. पेन टेकवलं आणि लिहिलं:

"उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, काल रात्रीपासून पावसास सुरुवात झाली असून तो अद्याप चालू आहे."

वाचून पाहिलं. चूक एकही नव्हती. खाली सही करायची तेवढी राहिली होती.

खोडून पुन्हा सुरुवात केली, "धो धो पाऊस". आणि अडलो. धो धो म्हणजे किती? आमच्या खात्यात एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर ती अतिवृष्टी, त्याखाली नुसता पाऊस. पर्जन्यमापकाचा आकडा आल्याशिवाय मी जन्मात विशेषण लावलेलं नाही. मग "पावसानं मन उद्ध्वस्त झालं" असं लिहावंसं वाटलं, पण पिकाचं नुकसान 33 टक्क्यांच्या वर असल्याशिवाय आम्ही शेतकऱ्यालाही मदतीच्या यादीत घेत नव्हतो. माझ्या मनाचा पंचनामा कोण करणार?

दुसऱ्या दिवशी पाऊस बाजूला ठेवून आजोळचं घर घेतलं. घराच्या आठवणी म्हणजे हमखास पीक. दीड तासानं पाहिलं तर कागदावर हे होतं: "पूर्वेस मामांचा गोठा, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस वाद चालू. परसात पारिजातक, नग 1." त्या पारिजातकाखाली सडा पडायचा, आजी तो ओंजळीनं गोळा करायची. पण सरकारी मराठीत कुणीच काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. त्यामुळे आजी गोष्ट सांगायची हे साधं वाक्य माझ्या हातून उतरलं ते असं: "रात्री आजीकडून गोष्ट सांगण्यात येत असे व तदनंतर मला झोपविण्यात येत असे." वाचताना मलाच वाटलं, काहीतरी अघटित घडलेलं दिसतंय.

राजभाषा अधिनियम 1964 सालचा. कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला, आणि त्या मराठीनं माझं घर चालवलं, लेकीचं शिक्षण केलं. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. फक्त ती कचेरीत ठेवून यायची राहिली.

तिसऱ्या दिवशी ठरवलं, बायकोवर लिहायचं. विनोदी लेखकांचं निम्मं भांडवल तेच असतं. दोन पानं झाली आणि कौतुकानं तिलाच वाचायला दिली. तिनं चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही 'सदर महिला' कोण?"

"अगं, तू."

तिनं पुढचं सगळं शांतपणे वाचलं. मग माझंच पेन घेऊन समासात लिहिलं: "त्रुटींची पूर्तता करून फेरसादर." तीस वर्षं घरी आणलेल्या फायली ही जेवायच्या ताटाजवळून उचलायची; नुसती उचलत नव्हती हे त्या दिवशी कळलं. "बरं, पैसेवारी किती धरतेस?" मी विचारलं. म्हणाली, "50च्या आत." पैसेवारी म्हणजे आमच्या खात्यात पीक किती आलं याचा अंदाज; ती 50च्या आत असली की पीक गेलं असा अर्थ होतो. वर म्हणाली, "आणि त्या म्हाताऱ्याचा अर्ज आठवतो का? त्यानं बघा कसं लिहिलं होतं."

आठवत होता. एका पुराच्या वर्षी नदीकाठच्या एका म्हाताऱ्यानं वहीच्या फाडलेल्या पानावर अर्ज दिला होता: "नदीनं रान नेलं, बांधावरचा आंबा नेला. मला नेलं नाही, आता मी काय करू ते सांगा." मी तो जेवताना हिला वाचून दाखवला होता. आणि दुसऱ्या दिवशी त्यावर शेरा मारला होता, "अर्ज विहित नमुन्यात नसल्याने परत." नंतर त्यांना फॉर्म मिळवून दिला, भरूनही दिला, कामही झालं. पण फॉर्ममध्ये आंब्याला रकाना नव्हता.

परवा खालच्या आळीतल्या काकू आल्या. त्यांच्या नळाला पाणी येत नाही, अर्ज लिहून हवा होता. सवयीनं 'प्रति, मा.' एवढं लिहिलं आणि थांबलो. म्हटलं, "काकू, काय होतं ते तुमच्या तोंडानं सांगा." काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"काय सांगू भाऊसाहेब, आधी खोकतो. मग घसा खाकरतो. वाटतं आला आता. मी बादली लावते, तर दोन थेंब टाकून गप्प. घाईतल्या जावयासारखा, उंबऱ्यातनंच माघारी. आणि रात्री अडीचला, आम्ही झोपलो की, एकटाच गातो."

मी जसंच्या तसं उतरवलं. एक शब्द बदलला नाही, 'सदर नळ' म्हणायचा मोह दोनदा आवरला. काकूंनी अंगठ्याएवढी सही केली. आम्ही दोघांनी तो अर्ज पुन्हा एकदा वाचला आणि काकू स्वतःच्याच नळावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. वहीतली चाळीस पानं फुकट गेली, पण हे एक पान जमलं म्हणून मी बायकोला दाखवलं. तिनं ते पहिल्यांदाच शेरा न मारता परत दिलं.

काल काकू तो अर्ज घेऊन पुन्हा आल्या. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं, अगदी माझ्यासारख्याच वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: "विहित नमुन्यात सादर करावा."